पाण्याखालची जांभळ

आमच्या वरातीत नवरदेव बैलगाडीत उलटा बसला होता. बैलांकडे पाठ आणि कोळवणकडे, म्हणजे माझ्या माहेराकडे, तोंड. रीतीप्रमाणे मागे वळून वळून मी बघायचं आणि डोळे पुसायचे, तर माझ्या वाट्याचं ते बघणं नवराच बघत बसलेला. मावशी गाडीबरोबर चालत होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, तुझ्यापरीस त्यालाच तुजं माह्यार सुटंना झालंय." बायका फिदीफिदी हसल्या. मी पदराआड दातओठ खात होते. वेड्याच्या गळ्यात बांधलं की काय मला, असं सरळ मनात आलं, आणि पुढे ते मी त्यांना बोलूनही दाखवलं.

ते वेडे नव्हते. मोठ्या लढाईत ते विमानात होते आणि विमानात त्यांची जागा मागची. पुढे विमान चालवणारा, त्याच्याकडे पाठ करून हे, हातात बंदूक, तोंड शेपटीकडे. "कुटं चाललोय ते त्यानं बघायचं, मागं कोन लागलंय ते म्या," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण ती बैठक अंगातून गेली नव्हती. एसटीत बसले तरी मान मागे. गावात त्यांना सगळे 'इमानवाले' म्हणत. आपण विमान चालवत नव्हतो, मागे बसत होतो, हे त्यांनी लोकांना हजारदा सांगितलं असेल. पण गावाला विमान चालवणाराच हवा होता, आणि आमच्या गावाने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी त्यात फरक होत नाही.

सासर मुळशीच्या धरणाच्या पलीकडच्या काठावर. धरणाचं पाणी आलं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि माणसं भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन डोंगराच्या अंगाला वर चढली. भाताची खाचरं पाण्यात गेली, हाताशी राहिली ती नाचणी-वरईची उतरण. तीन बाजूंना पाणी आणि चौथीला डोंगर. मी मोकळ्या खोऱ्यात वाढलेली, मनात आलं की उठून शेजारच्या गावाला चालत जाणारी. इथे मीठ संपलं तरी होडी पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वारा सुटला म्हणून होडी वर ओढून पालथी घातली, ती दसऱ्याच्या सुमाराला सुलटी झाली. तोवर हे, सासूबाई, मी आणि दोन म्हशी, सगळे एका छपराखाली. शेवटी शेवटी मी म्हशींचासुद्धा राग राग करायला लागले होते.

गावाची ती होडी वल्हवायचं काम यांच्याकडेच होतं. मॅट्रिक झालेला माणूस, पुण्यात नाहीतर मुंबईत कुठेही चिकटला असता, पण चार भिंतींच्या आत बसून करायचं काम त्यांना नको होतं. शिवाय वल्हवणारा माणूस उलटाच बसतो. हे काम त्यांना का आवडलं ते मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

आता ज्या प्रश्नाने आमचं घर कोंडून टाकलं होतं त्याच्याकडे येते.

खालचं गाव बुडालं तेव्हा हे तीन-चार वर्षांचे होते. त्यांच्या आधी सासूबाईंना एक मुलगी झाली होती, ती बारशाच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिला खालच्या वावराच्या कडेला, जांभळीच्या झाडाखाली पुरलं होतं. नाव ठेवायचंच राहिलं, म्हणून सासूबाई तिला नुसतं 'पोर' म्हणायच्या. "पोर खालीच ऱ्हायली माजी," एवढंच. त्या हे रडून सांगत नसत. चुलीपुढे बसून, काटकी मोडता मोडता सांगत.

पुढे हे लढाईला गेले. ब्रह्मदेशात विमान पडलं, चालवणारा जागच्या जागी गेला, यांना जपान्यांनी धरून नेलं. घरी काहीच कळलं नाही. लढाई संपल्यावर परत आले ते हाडांचा सापळा होऊन. ही गोष्ट माझ्या लग्नाआधीची, पण शेजारच्या काकूंनी ती मला इतक्या वेळा सांगितली की मीच तिथे होते असं वाटतं. सगळं गाव ओट्यावर जमलेलं. हे भिंतीला पाठ टेकून बसलेले. कुणी विचारलं, खायला काय द्यायचे. कुणी विचारलं, मारलं का. हे हूं नाही की चूं नाही. गाव कंटाळून उठायच्या बेताला आलं, तेव्हा सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "तुजं इमान आपल्या गावावरनं गेलं हुतं का रं? पान्यातलं गाव दिसलं का? आपली जांभळ हाय का?"

"हाय," हे म्हणाले.

तुम्हाला हसू येईल. पण गावाचा विचार पक्का होता. थंडीत पाणी निवळतं तेव्हा मागच्या टेकडीवर चढून खाली पाहिलं, की काठाजवळच्या पाण्यात बुडालेल्या खाचरांचे बांध दिसतात. मीसुद्धा पाहिलेत. काठावर उभं राहून दिसत नाहीत, टेकडीवर चढलं की दिसतात. मग टेकडीवरून बांध दिसतात तर विमानातून पार तळ दिसणारच, जितकं उंच तितकं खोल. काढा बघू यात चूक. त्या एका 'हाय'नंतर गाव यांच्यावर तुटून पडलं. आमचा चौथरा दिसला का, देवळाची दीपमाळ उभी हाय का, आमच्या आन् भावकीच्या मधला बांधाचा दगड कुणाच्या अंगाला हाय. हे प्रत्येकाला 'हाय, हाय' म्हणत गेले. बांधाचा दगड मधोमध आहे म्हणून सांगितलं, तेव्हा दोन्ही घरं रुसली.

हळूहळू गाव विचारायचं थांबलं. सासूबाई थांबल्या नाहीत. रोज दिवे लागले की यांच्यापुढे भाताचं ताट ठेवायचं, आपण समोर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, आणि विचारायचं, "जांभळ कशी दिसत हुती रं?" मी त्या घरात गेले तेव्हा हा नेम चांगला मुरलेला होता. हे सांगायचे. वरून गोल दिसते. पाण्यात हिरवी नाही, काळी दिसते. एक फांदी ओढ्याच्या अंगाला वाकली आहे. सासूबाई मान डोलवत ऐकायच्या, आणि सांगण्यात जरा इकडचं तिकडे झालं तर हळूच म्हणायच्या, "काल तर डाव्या अंगाला म्हनला हुतास." मग हे सुधारून सांगायचे. सांगून झालं की दोन-चार घास गिळायचे आणि ताट सरकवायचे. अंथरुणाला पाठ लागली की वर बघत वासे मोजत पडायचे. मीही बघायचे. सगळे वासे ज्या लाकडावर टेकतात ते आमच्या घराचं आढं चांगलं दांडगं, काळंभोर होतं, त्या एवढ्याशा घराला जरा जास्तच.

पहिले काही महिने मला या मायलेकांच्या गप्पांचं कौतुक वाटलं. माझा बाप आयुष्यात त्याच्या आईशी एवढं बोलला नसेल. मग ध्यानात आलं की दुपारी रानात भाकरी-चटणी दिली तर हा माणूस बोटं चाटून खातो, आणि संध्याकाळचा भात त्याच्या घशाखाली उतरत नाही. तांदूळ काय आमच्याकडे उतू जात होता? मी माहेराहून आणलेला, मावळातला वासाचा तांदूळ, तो रोज म्हशीच्या घमेल्यात जात होता.

नवराबायकोने मोकळं बोलायला आमच्याकडे एकच जागा होती, होडी. घरात सासूबाई, रानात गाव. होडीत हे माझ्याकडे तोंड करून बसायचे. पुढचं मला दिसायचं, त्यांना नाही. "वाईच उजवीकडं घ्या... आता सरळ," हे सांगायचं काम माझं. बायकोने वाट दाखवलेली कुठल्या नवऱ्याला खपते? यांना खपायची. उलट मी गप्प बसले तर म्हणायचे, "बोल की, आंधळ्यावानी चाललोय."

लग्नाला दोन वर्षं होत आली होती, दिवाळी नुकतीच झालेली. पौडला बाजाराला निघालो होतो, होडीत दोघंच. पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा मी विचारलं, "अवं, सांजचा भात रोज टाकता. माझ्या हाताला चव न्हाई का?"

वल्ही थांबली. त्यांनी ती आत ओढून घेतली.

"तितं एक हापिसर हुता," ते म्हणाले. "मारनारं येगळं हुतं. ह्यो मारायचा न्हाई. ह्यो विचारायचा."

मग त्यांनी सांगितलं. कोठडी अशी, की उभं राहून हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागायचे. सांज झाली की तो यायचा. भाताचा वाडगा मध्ये ठेवायचा, आपण समोर बसायचा, आणि मऊ आवाजात इंग्रजीतून विचारायचा, तुमचा तळ कुठे, विमानं कुठल्या बाजूला उभी करता. सांगितलं की वाडगा पुढे सरकवायचा. हे खोटं सांगायचे.

"खोटं सांगनं सोपं असतंया," हे म्हणाले. "उंद्या तेच खोटं परत सांगायचं, ते अवघड. वाईच इकडचं तिकडं झालं, की त्यो हळूच म्हनायचा, काल तर डाव्या अंगाला म्हनला हुतास."

मी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. त्या भर उन्हात, उघड्या पाण्यावर.

मी म्हटलं, "मग आत्याबाईंना सांगून टाका की, न्हाई दिसली जांभळ म्हनून."

"इमान हिकडं कवा आलंच न्हाई गं. पर आता काय सांगू? झाड गेलं की पोर गेली तिची. ती पोर त्या झाडाखाली हाय म्हनून हाय." त्यांनी मला तिथेच शपथ घातली, घरात यातलं अवाक्षर काढायचं नाही. मग वल्ही उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक पावसाळा म्या त्या घरात काढनार न्हाई. पाऊस लागायच्या आदी एक दिस होडी पल्याड बांदीन आन् माघारी येनार न्हाई. तू राग धरू नगंस."

राग धरू नको म्हणे! मला दिवस गेले होते, आणि ते त्यांना सांगायला मी त्या दिवसाचीच वाट बघत होते. मी ते गिळलं. पैलतीर येईपर्यंत "उजवीकडं", "सरळ" यापलीकडे बोलले नाही.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी, हातातलं काम टाकून, होडी आपल्या काठाला आहे की नाही ते बघायला बाहेर जायला लागले. असली की जिवात जीव यायचा. आणि घरात वळले की समोर ते दोघं, मध्ये ताट.

मी काय काय नाही केलं! यांना दिवस मावळायच्या आधीच वाढायला घेतलं. सासूबाई गोठ्यातलं काम टाकून धावत आल्या आणि समोर बसल्या. भाताऐवजी भाकरी वाढली. प्रश्न तोच. भाकरी बांधून होडीवरच द्यायला लागले, तेव्हा सासूबाईंनी गावभर केलं की सुनेनं लेक तोडला. शेजारच्या काकू मला समजवायला आल्या, "म्हातारीला तेवढाच इरंगुळा हाय, त्यो कशापायी काढून घेतीस?" खरं सांगितलं तर शपथ मोडते, म्हातारीची पोर जाते. नाही सांगितलं तर नवरा जातो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एकदा मी चिडून म्हणालेही, "आत्याबाई, रोज रोज एकच काय ते झाड?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वळून यांना म्हणाल्या, "व्हय रं, फांदी अजून वाकडीच हाय ना?"

आणि हे म्हणाले, "हाय."

मला तेव्हा दोघांचाही संताप यायचा. ही विचारायची सोडत नाही आणि हा सांगायचा सोडत नाही. मला वाटायचं, उठावं, चुलीतलं जळतं लाकूड घ्यावं आणि सांगावं, बास. पण मीही उठायची नाही. तिथेच बसून भात वाढायची.

त्या वर्षी आदला पाऊस ओढलेला होता. होळी झाली आणि धरणाचं पाणी मागे हटायला लागलं, ते हटतच राहिलं. एरवी उन्हाळ्यात वरची वरची खाचरं उघडी पडत. त्या वर्षी चैत्र संपता संपता खालचं गाव वर आलं. आधी दीपमाळेचा बुंधा, मग चौथरे, मग पार. गावात नुसती जत्रा. म्हातारी माणसं काठ्या टेकत चिखलात उतरली, ज्याने त्याने आपापल्या चौथऱ्यावर बसून विडी ओढली.

मला वाटलं, आता यांचं सगळं उघडं पडणार. पण झालं भलतंच. लोक यांच्या पाठीवर थापा मारू लागले. "इमानवाले, सांगितलं हुतंत तसंच बघा! चौथरा हाय!" अहो, चौथरा जिथे होता तिथेच असणार, जाईल कुठे? बांधाचा दगड तर कुणालाच सापडला नाही, तेव्हा दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की तो मधोमधच होता. हे हसायचे नाहीत. जितक्या थापा पडत तितके ते आक्रसून जात.

आणि अशाच एका संध्याकाळी सासूबाईंनी ताट ठेवलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "उंद्या मला जांभळीकडं न्ये."

त्या दिवशी यांनी एक घाससुद्धा घेतला नाही.

खालच्या वावराकडे जायला मध्ये अजून पाणी होतं, म्हणून होडीनेच जायचं होतं. सकाळी मी हट्टाने बरोबर निघाले. मला आठवा महिना लागला होता आणि सासूबाई नको नको म्हणत होत्या, पण मला एकच भीती होती. हे म्हातारीला तिथे उतरवतील आणि होडी घेऊन परस्पर पल्याड जातील. आभाळात ढग जमायला लागले होते. पाऊस लांब नव्हता, आणि शब्द पाळायची या माणसाला वाईट खोड होती. होडीत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर एक पुरचुंडी. हे समोर. मी वाट सांगत होते आणि त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होते.

काठाला लागलो. चिखल वरून वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, खाली ओला होता. एक हिरवं पान नव्हतं कुठे. एक झाड नव्हतं. नजर जाईल तिथवर राखी रंगाची उघडी जमीन. हे होडीशेजारीच उभे राहिले. मी त्यांचा दंड धरला, कुणी बघतंय का याचा विचार न करता.

सासूबाई मात्र सरळ चालायला लागल्या. कुठे थांबल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही. एवढ्या वर्षांनी, चिखलातून, जणू काल संध्याकाळीच इथून गवताचा भारा घेऊन गेल्या होत्या. आम्ही दोघं मागून. ओढ्याच्या कडेला जाऊन त्या थांबल्या आणि खाली बसल्या.

त्यांच्यापुढे एक बुंधा होता. गुडघ्याएवढा, काळा ठिक्कर. जांभळीचं लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून तर विहिरीच्या तळाला घालतात. वरून तो सपाट होता, आणि कडेला कुऱ्हाडीचे घाव जसेच्या तसे होते. झाड पाण्याने पडलं नव्हतं. पाणी यायच्या आधी ते कुणीतरी तोडून नेलं होतं.

"आये," हे म्हणाले. "आये, म्या तुला..."

"ह्यो घाव तुज्या बाचा हाय," सासूबाई बुंध्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "पानी यायच्या आदल्या उन्हाळ्यात तोडली. म्या हितंच हुबी हुते. म्हनलं, पोर पान्यात ऱ्हाती तर ऱ्हाऊ दे, पर तिचं झाड वर घेऊन चला. तू निजतोस त्याच्या वर आढं हाय न्हवं का? तीच ती."

मी वाकून बुंध्याला हात लावला, आढ्यासारखाच काळाभोर.

"मंग तू..." हे म्हणाले. "तू रोज का इचारत हुतीस?"

"तू आलास तवा तुज्या तोंडातनं सबुद निघत नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "समद्या गावानं इचारलं. तू भिंतीगत गप. मला काय सुचंना, म्हनून म्या काय बी इचारलं. तू म्हनलास, हाय. म्हनलं, लेक खोटं बोलतोय. आयेला बरं वाटावं म्हनून खोटं बोलतोय. म्हंजी लेक जित्ता हाय माजा. मंग रोज इचारलं. तेवडंच बोलायचास तू. म्हनलं, हे बी थांबलं तर काय करू?"

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमच्या घराचं आढं इतकी वर्षं मुकाट वर बसून सगळं ऐकत होतं, आणि म्हातारीही.

माझा तोल सुटला. मी तोंड उघडलं. सांगणार होते की बाई गं, तू ज्याला औषध समजून रोज पाजलंस ते काय होतं ते ऐक. त्या कोठडीत रोज संध्याकाळी कोण यायचा, वाडगा कुठे ठेवायचा, काय म्हणायचा, सगळं सांगणार होते. हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी फक्त मान हलवली. नको. मग ते आईशेजारी चिखलात बसले आणि त्यांनी आपला हात त्या बुंध्यावर, तिच्या हाताशेजारी ठेवला. मी उघडलेलं तोंड मिटलं. इतका राग मी आयुष्यात दुसऱ्यांदा गिळलेला नाही.

सासूबाईंनी पुरचुंडी सोडली. आत गुळाचा खडा होता, पोरीच्या बारशाला वाटायचा राहिला त्याच्या बदल्यात आणलेला. तो त्यांनी बुंध्याच्या मुळाशी ठेवला, थोडा मोडून आम्हा दोघांच्या हातावर दिला, आणि उरलेला स्वतः खाल्ला. येताना माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "हिला नाव लगीच ठेवायचं, बारावा दिस बघायचा न्हाई." ही की हा ते अजून ठरायचं होतं, पण म्हातारीने ठरवलं होतं.

परतताना मी उजवी-डावी सांगत होते. हे वल्हवत होते. आपल्या काठाला आलो, सासूबाई उतरल्या, मी उतरले. हे होडीतच बसून राहिले. दोर हातात होता. मी मागे वळून बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. घरी गेले, चूल पेटवली, तांदूळ धुतले. बाहेरची चाहूल घेत होते. दिवेलागण झाली तेव्हा ते दारात आले, पाय धुतले आणि आत येऊन पाटावर बसले.

होडी कुठल्या काठाला बांधली ते मी विचारणार कशी? माणूस घरात आहे म्हणजे होडी इथेच आहे. पण उद्याचं काय?

सासूबाईंनी ताट वाढलं आणि यांच्यापुढे ठेवलं. समोर बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन. आणि काही विचारलं नाही. आता विचारायला उरलंच काय होतं. मी चुलीशी बसून बघत होते. मनात म्हणत होते, खा आता. सुटलास. कुणी विचारत नाही, खा.

त्यांचा हात ताटाशी गेला नाही. भातावरची वाफ गेली तरी गेला नाही. ते ताटाकडे बघत होते, मग आईकडे, मग पुन्हा ताटाकडे. गोठ्यात म्हैस पाय आपटत होती तेवढाच आवाज.

"आये," ते म्हणाले. "इचार की."

सासूबाईंनी मान वर केली. "काय इचारू?"

"जांभळीचं इचार."

म्हातारीने वर पाहिलं, दिव्याचा उजेड जेमतेम पोचत होता त्या काळ्या आढ्याकडे. आम्हा तिघांचा पिंजरा तोच होता, दार उघडलं होतं, आणि हा माणूस आत बसून ते लावून घ्या म्हणत होता. पण मी तिलाच म्हणाले, "इचारा, आत्याबाई."

"जांभळ हाय का रं?"

"हाय," हे म्हणाले, आणि भात कालवायला घेतला.

ताट स्वच्छ झालं. मी आणखी वाढला, तोही खाल्ला. त्या दिवशी होडी आहे की नाही ते बघायला मी बाहेर गेले नाही.